साडेचार वर्षांनी नोकरी बदलावी का? रबाळे येथील एका प्रकरणाचा अभ्यास

ऑगस्ट २०२५ मध्ये माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले हे प्रकरण एका क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) केमिस्टचे आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत, रबाळे येथे, औषधी गोळ्या बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीत त्या काम करत होत्या. वय एकतीस, शिक्षण एम.एस्सी., राहणे कळव्याला आई-वडिलांसोबत. कंपनीत रुजू झाल्याची तारीख ३ फेब्रुवारी २०२१. संमतीने हे लिहीत आहे. व्यक्तीची आणि कंपन्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत, हिशेबाची पद्धत मात्र तशीच ठेवली आहे.

तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या औषध कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली होती. सध्याचा एकूण मासिक पगार ४२,००० रुपये होता आणि नवा ५४,००० रुपये सांगितला गेला होता. अट एकच होती, तीस दिवसांत रुजू व्हायचे. सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा होता. उरलेल्या साठ दिवसांचे पैसे नवी कंपनी भरून देणार होती, परंतु वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास ती रक्कम परत करावी लागणार होती. उत्तर देण्यासाठी आठवड्याभराची मुदत होती.

त्यांचा प्रश्न पगाराचा नव्हता. २०१८ पासूनच्या सात वर्षांत ही तिसरी नोकरी होती आणि आता चौथी धरली तर आपल्यावर ‘टिकत नाही’ असा शिक्का बसेल, ही त्यांची काळजी होती. घरातही तोच सूर होता. वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या एकाच कारखान्यात तीस वर्षे काढली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. ते म्हणाले, “अगं, माणूस एका ठिकाणी रुजला की त्याला किंमत येते. दर दोन-चार वर्षांनी पाटी बदलणाऱ्याला कोण विचारतं?” त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटले. “बाबा, तुमच्या कारखान्यात तुम्ही हेल्परचे फोरमन झालात. मी साडेचार वर्षांपूर्वी केमिस्ट होते आणि आजही केमिस्टच आहे.”

एखाद्या नोकरीत किती काळ राहावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वर्षांच्या आकड्यात मागितले जाते. दोन वर्षांच्या आत सोडू नये, पाचाच्या पुढे थांबू नये, असे ठोकताळे ठाण्या-नवी मुंबईच्या कचेऱ्यांत सर्रास ऐकू येतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने जानेवारी २०२४ साठी दिलेली आकडेवारी पाहिली तर तिथल्या पगारदारांचा सध्याच्या मालकाकडील मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ३.९ वर्षे होता. पण त्याच आकडेवारीत २५ ते ३४ वयोगटासाठी हा काळ २.७ वर्षे आणि ५५ ते ६४ वयोगटासाठी ९.६ वर्षे आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच महिन्यात, केवळ वय बदलले की ‘सर्वसाधारण’ मुदत तिपटीहून अधिक होते. अशा आकड्याशी एका माणसाची तुलना करून त्याच्या निष्ठेबद्दल निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. त्यामुळे या प्रकरणात मी आकडा बाजूला ठेवला आणि आधी हे पाहिले की त्या त्या नोकरीतले काम पूर्ण व्हायला मुळात किती काळ लागतो.

मागच्या दोन नोकऱ्या

पहिली नोकरी ऑगस्ट २०१८ ते जून २०१९ अशी, नमुने तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत होती. ती कंत्राटी होती आणि कंत्राट संपले म्हणून संपली. दुसरी जुलै २०१९ ते जानेवारी २०२१, अंबरनाथच्या औषध कंपनीत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, औषधनिर्मिती मात्र अत्यावश्यक सेवा म्हणून सुरू राहिली. कळवा ते अंबरनाथ हा प्रवास कंपनीच्या बसने, तिन्ही पाळ्यांत, महिनोन्‌महिने केल्यानंतर घराजवळची रबाळ्याची नोकरी मिळताच त्यांनी ती घेतली. या दोन्ही बदलांमध्ये चंचलपणाचा लवलेशही नाही. परंतु बायोडाटावर ते दिसते ‘दहा महिने’ आणि ‘दीड वर्ष’ एवढेच, कारण सोडण्याचे कारण लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कंत्राटी नोकरी असेल तर पदनामाच्या पुढेच ‘कंत्राटी, मुदत पूर्ण’ असे लिहावे, असे मी त्यांना सुचवले. मुलाखतीच्या आधीच अर्धा गैरसमज दूर करणारे हे तीन शब्द माणसे का टाळतात, हे मला आजवर समजलेले नाही.

रबाळ्यातली साडेचार वर्षे

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

औषधाच्या पाकिटावर जी मुदत छापलेली असते, ती स्टॅबिलिटीच्या अभ्यासातून ठरते. गोळ्यांचे नमुने बाजारात जातील त्याच वेष्टनात, ठरावीक तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या चेंबरमध्ये ठेवले जातात. उष्ण आणि अतिशय दमट हवामानासाठी दीर्घकालीन अभ्यास ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर चालतो, तर वेगवान अभ्यास ४० अंश आणि ७५ टक्क्यांवर सहा महिने. दीर्घकालीन अभ्यासात सुरुवातीला, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, अठराव्या, चोविसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात नमुने बाहेर काढून तपासले जातात. औषधाचे प्रमाण किती उरले, अशुद्धी किती वाढली, गोळी ठरल्या वेळेत विरघळते का, हे प्रत्येक वेळी पाहायचे असते. हे काम प्रामुख्याने एचपीएलसी यंत्रावर होते. हे यंत्र द्रावणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करते आणि आलेखावर प्रत्येक घटकाचे एक शिखर उमटते.

२०२१ च्या मध्यात त्यांनी एका नव्या गोळीच्या तीन बॅचेस चेंबरमध्ये ठेवल्या. नोंदवहीत पहिली सही त्यांची आहे आणि २०२४ च्या मध्यात काढलेल्या छत्तिसाव्या महिन्याच्या नमुन्यांवरची सहीसुद्धा त्यांचीच. मधल्या काळात त्यांच्यासोबत रुजू झालेले सहकारी एकेक करून निघून गेले. अठराव्या महिन्याच्या तपासणीत मुख्य शिखराला लागून एक छोटे शिखर दिसले, जे आधीच्या आलेखांत नव्हते. नवी अशुद्धी तयार होते आहे, असा अर्थ काढला असता तर पुढची चौकशी गोळीच्या घटकांकडे वळली असती आणि बरेच महिने त्यात गेले असते. यांना मात्र आठवत होते की बाराव्या महिन्यानंतर कॉलम दुसऱ्या बनावटीचा आला होता. त्यांनी जपून ठेवलेल्या नवव्या महिन्याच्या नमुन्याचे द्रावण नव्याने तयार करून नव्या कॉलमवर चालवले, आणि तेच शिखर तिथेही उमटले. जुन्या कॉलमवर ते मुख्य शिखराखाली दडत होते, एवढेच. कॉलमचा क्रमांक दोन्ही वेळच्या नोंदींत लिहिलेला होताच. परंतु दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध जोडणारा माणूस नसेल, तर नुसत्या नोंदी बोलत नाहीत.

नोकरीत टिकण्याचे मोल असते, ते हे. त्याला निष्ठा, संस्कार, स्थैर्य अशी मोठी नावे द्यायची गरज नाही. एखाद्या कामाचा स्वतःचा एक फेरा असतो, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेल्या माणसाला जे दिसते ते मधेच आलेल्याला दिसत नाही. छत्तीस महिन्यांचा अभ्यास हाताळणाऱ्या विभागात अठरा महिन्यांनी माणसे बदलत राहिली, तर तिथे कोणीच आपण केलेल्या कामाचा शेवट पाहत नाही. उलट, फेरा एकदा पूर्ण झाला आणि दुसरा फेरा अगदी पहिल्यासारखाच असेल, तर तिथे आणखी तीन वर्षे काढल्याने अनुभवपत्रावरचा आकडा वाढतो, कौशल्य त्या मानाने वाढत नाही. अंबरनाथला त्यांचा फेरा अर्धवट राहिला होता, रबाळ्याला तो पूर्ण झाला होता. म्हणून नोकरी सोडण्याची वेळ आली आहे हे माझे मत पहिल्याच भेटीत पक्के झाले. ती कधी आणि कशासाठी सोडायची, हे मात्र अजून ठरायचे होते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब आणि एक नेहमीचा गैरसमज

‘साडेचार वर्षे झाली की पाच धरतात, ग्रॅच्युइटी मिळतेच’ असे त्यांना विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले होते. हा समज इतका पसरलेला आहे की त्याची फोड करणे भाग आहे. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पात्रतेसाठी पाच वर्षांची अखंड सेवा लागते (मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही). पात्र ठरल्यानंतर रक्कम काढताना सहा महिन्यांहून अधिकचा शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे सात वर्षे आणि सात महिन्यांची आठ होतात, पण चार वर्षे आणि सात महिन्यांची पाच होत नाहीत.

यात एक पोटवाट आहे. कायद्यात ‘अखंड सेवा’ ठरवताना, आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या आस्थापनेत वर्षभरात २४० दिवस काम झाले असेल तर ते एक वर्ष मानतात. त्याहून कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेसाठी हा आकडा १९० आहे. याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षे आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस भरलेल्या कर्मचाऱ्याला पात्र ठरवले आहे. मात्र दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्रातल्या कंपनीवर आपोआप बंधनकारक होत नाही आणि प्रत्यक्षात अनेक कंपन्या पूर्ण पाच वर्षांचाच आग्रह धरतात.

यांच्या बाबतीत पाचवे वर्ष ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाले. साप्ताहिक सुट्ट्या धरून मोजले तर २४० वा दिवस ३० सप्टेंबरला येत होता. सुट्ट्या वगळून मोजले तर तो नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास किंवा थोडा पुढे गेला असता. तळोज्याच्या अटीप्रमाणे १९ सप्टेंबर हा शेवटचा दिवस ठरत होता, म्हणजे अगदी उदार मोजणीनेसुद्धा अकरा दिवस कमी पडत होते आणि ग्रॅच्युइटी शून्य. पूर्ण नोटीस भरून नोव्हेंबरच्या मध्यात निघाल्या असत्या तर दावा करता आला असता, पण तो वादाचा ठरला असता. २ फेब्रुवारी २०२६ उलटल्यावर मात्र कोणत्याही वादाला जागा उरत नव्हती.

रक्कम किती, तर मूळ वेतन २४,००० रुपये गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५. म्हणजे ६९,२३१ रुपये.

आता दुसरी बाजू. तळोज्याचे ५४,००० रुपये हे कंपनीच्या एकूण खर्चाच्या भाषेत सांगितलेले होते. त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा होता आणि मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के एवढी ग्रॅच्युइटीची तरतूदसुद्धा होती, जी पाच वर्षे न भरता सोडल्यास हाती येतच नाही. तसे पाहता पाच वर्षांनी मिळणारी रक्कम दरमहाच्या पगारात दाखवणे ही पद्धत कायद्याच्या चौकटीत बसते, पण नोकरी शोधणाऱ्याची दिशाभूल करते. दोन्ही पगारपत्रके समोरासमोर ठेवली तेव्हा हातात पडणारा खरा फरक महिन्याला साधारण ८,५०० रुपये निघाला. सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत नोकरी बदलली तर साडेचार महिन्यांत सुमारे ३८,००० रुपयांचा फरक सोडावा लागणार होता आणि त्या बदल्यात ६९,२३१ रुपये मिळणार होते. थांबण्याचा निव्वळ फायदा एकतीस हजारांच्या आसपास.

हा फायदा खरा आहे, पण निर्णय फिरवण्याइतका मोठा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तळोज्याचे काम खरोखर पुढचे असते, तर एकतीस हजारांवर पाणी सोडून जा, असाच सल्ला मी दिला असता. पण त्या कामाचे स्वरूप विचारून घेतल्यावर ते तयार मालाच्या रोजच्या तपासणीचे, तिन्ही पाळ्यांतले निघाले. अंबरनाथला जे केले, तेच मोठ्या फाटकाच्या आत. प्रवासही वाढत होता. कळव्याहून रबाळ्याला विटावामार्गे अर्ध्या तासात पोहोचणाऱ्या माणसाला तळोज्यासाठी शिळफाट्याच्या कोंडीतून जाणारी कंपनीची बस, किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने बेलापूर आणि तिथून पेंधरची मेट्रो, हेच पर्याय होते. रात्रपाळीनंतर तो प्रवास किती वर्षे झेपेल, याचे उत्तर त्यांनी अंबरनाथला आधीच शोधले होते.

परतफेडीच्या अटीकडेही मी त्यांचे लक्ष वेधले. ठरावीक काळ नोकरी न केल्यास रक्कम भरण्याची अट सरसकट बेकायदा असते, हा समज चुकीचा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेच्या भरतीची ती परिस्थिती वेगळी होती, तरी सही करण्याआधी असे कलम वाचायलाच हवे.

पुढे काय झाले

त्यांनी तळोज्याला नकार कळवण्याआधी नोटीस पूर्ण भरू देण्याची विनंती केली. कंपनीने ती मान्य केली नाही आणि तो विषय संपला. याचा त्यांना काही आठवडे त्रास झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते.

सध्याच्या कंपनीला याची कुणकुण लागली, तेव्हा विभागप्रमुखांनी बोलावून ‘सीनियर’ हे पद आणि थोडी पगारवाढ देऊ केली. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारायला सांगतो. नव्या पदनामाने उद्या सकाळपासून माझ्या कामात काय बदलेल? त्यांनी तो विचारला आणि उत्तर प्रामाणिक मिळाले. काहीच बदलणार नव्हते. पण त्याच संभाषणातून त्यांनी एक गोष्ट मागून घेतली. डिसेंबरमध्ये एका परदेशी ग्राहकाचे ऑडिट होणार होते, त्यात स्टॅबिलिटीच्या नोंदी ऑडिटरसमोर मांडण्याची जबाबदारी त्यांना मिळाली. पदोन्नतीपेक्षा ही मागणी अधिक शहाणपणाची होती. साडेचार वर्षांत ऑडिटच्या खोलीत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

ऑक्टोबरमध्ये महापे येथील एका संशोधन प्रयोगशाळेत तपासणीच्या पद्धती विकसित करण्याच्या कामासाठी त्यांची निवड झाली. हातात पडणारी वाढ ५,००० रुपये, तळोज्याहून कमी. मुलाखतीत ‘सात वर्षांत तीन नोकऱ्या?’ हा प्रश्न आलाच. त्यांनी कंत्राटाची आणि लोकलची हकिकत दोन वाक्यांत सांगितली आणि मग अठराव्या महिन्यातल्या त्या शिखराची गोष्ट सांगितली. पुढचा सगळा वेळ त्यावरच बोलणे झाले. नव्वद दिवस थांबायला ती प्रयोगशाळा तयार होती.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांनी राजीनामा दिला. नोटीस चालू असतानाच, २१ नोव्हेंबरपासून, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्यांना तिने एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, कायम कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची अट तशीच ठेवली. पगाराच्या किमान निम्मा भाग ‘वेतन’ म्हणून धरण्याची नवी तरतूद यांच्या रकमेवर परिणाम करणारी नव्हती, कारण त्यांचे मूळ वेतन आधीच एकूण पगाराच्या ५७ टक्के होते. विचार करण्याजोगे हे की त्यांची २०१८ ची कंत्राटी नोकरी आज निश्चित मुदतीची म्हणून झाली असती, तर तीसुद्धा दोन महिन्यांनी हुकली असती.

७ फेब्रुवारी २०२६ हा रबाळ्यातला शेवटचा दिवस. ग्रॅच्युइटी, कायद्यातल्या तीस दिवसांच्या मुदतीत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा झाली.

भविष्य निर्वाह निधीचा गुंता मात्र अजून सुटलेला नाही. पहिल्या प्रयोगशाळेने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर कधी भरलीच नाही, त्यामुळे ते खाते पुढे वर्ग झाले नव्हते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ही तारीख कर्मचारी स्वतः भरू शकतो, हे त्यांना यंदा कळले. अंबरनाथच्या नोकरीतला पेन्शनचा हिस्सा तर त्यांनी २०२१ मध्ये काढून घेतला होता. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची मिळून चालते. रक्कम काढल्यामुळे एक वर्ष सात महिन्यांची सेवा त्या मोजणीतून कायमची गेली. नोकऱ्या बदलणाऱ्या माणसाचे खरे नुकसान बहुतेक वेळा असे होते, बदलण्यामुळे नव्हे तर मागचा हिशेब तसाच सोडून पुढे गेल्यामुळे.

रबाळ्याच्या कंपनीत त्यांच्या जागी नुकताच एम.एस्सी. झालेला मुलगा आला आहे. एकेका तपासणी पद्धतीवर त्याला पात्र ठरवून स्वतंत्र सही करू देईपर्यंत बराच काळ जाईल आणि तोवर दुसऱ्या कोणाला तरी दुप्पट काम करावे लागेल. निरोपाच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये सोडण्याच्या कारणासाठी एक ओळ होती. तिथे सगळेच लिहितात ते ‘बेटर प्रॉस्पेक्ट्स’ लिहिण्याची सूचना मनुष्यबळ विभागातूनच झाली. त्यांनी ते लिहिले नाही. ‘छत्तीस महिन्यांचा अभ्यास पूर्ण झाला, त्यानंतर करण्यासारखे नवे काम मागितले, मिळाले नाही’ असे त्यांनी लिहिले आणि फॉर्मची एक प्रत मागून घेतली.